नकाशा आणि शेत : समरूप आकृति कशा ओळखाव्या

आमच्या वाचकांत असा खातेदार विरळाच असेल, कीं ज्याच्या घरीं पेटीच्या तळाशीं गांवच्या नकाशाचा उतारा, टिपणाची नक्कल किंवा फाळणीचा कागद घडी घालून ठेविलेला नाहीं. वर्षानुवर्षें हा कागद कोणी उघडीत नाहीं. आणि ज्या दिवशीं तो उघडला जातो त्या दिवशीं घरांत बहुधा वांटणीची, बांधाची किंवा खरेदीची गोष्ट निघालेली असते. मग चार जण त्या कागदाभोंवतीं बसतात, "हा आपला ओढा, ही आपली विहीर" असें बोट ठेवून सांगतात, आणि कागदावर जें दिसतें तेंच जमिनीवर आहे असें धरून चालतात. तें तसें केव्हां असतें व केव्हां नसतें, हें ओळखण्याची विद्या फार मोठी नाहीं. शाळेंत भूमितीच्या तासाला समरूप आकृति या नांवानें आपण ती शिकलों आणि पुढें विसरलों. आम्हांस तिची नड कशी पडली तें आधीं सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या व आमच्या धाकट्या चुलतबंधूंच्या सामाईक गटांतील रस्त्याकाठचा एक तुकडा त्यांच्याकडे जावा, आणि तितक्याच क्षेत्राची दुसरी जमीन आमच्याकडे राहावी, असें घरांत ठरलें. सात-बारावर साऱ्या गटाचें क्षेत्र एकत्र लिहिलेलें. त्या तुकड्याचें निराळें क्षेत्र कोठेंच नोंदलेलें नव्हतें. तुकडा चारी कोपऱ्यांत काटकोनी, एक लांब बाजू रस्त्याला लागून व तिच्या समोरची ओढ्याला. नकाशावरून हिशेब करावा म्हणून आम्हीं एका दुकानांतून नकाशाच्या त्या भागाची मोठी प्रत काढून आणिली. प्रतीवर तुकडा ९ इंच लांब व ८ इंच रुंद भरला. रस्त्याकडील बाजू आम्हीं प्रत्यक्ष साखळीनें मोजिली, ती १२ साखळ्या आली. (आपली साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी जागा म्हणजे एक गुंठा, हें जुन्या वाचकांस सांगणें नलगे. नव्या हिशेबानें गुंठा हा एका आराहून किंचित् मोठा असतो.) मग आम्हीं त्रैराशिक मांडलें : ९ इंचांस १२ साखळ्या, तर ८ इंचांस किती? उत्तर १०⅔ साखळ्या. त्यांस बारांनीं गुणिलें, १२८ गुंठे झाले. म्हणजे ३ एकर ८ गुंठे. कागदावर सहीच तेवढी राहिली होती.

चुलतबंधु हिशेब ऐकत होते. ते म्हणाले, "दादा, तुमचें गणित मी खोडीत नाहीं. पण हें खरें असेल तर आपली पाइपलाइन रस्त्यापर्यंत पोंचलीच नसती."

विहीर ओढ्याकडील एका कोपऱ्यांत आहे आणि तेथून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, रस्त्याच्या कडेला, त्यांनींच तिरपी पाइपलाइन टाकिली होती. वीस वीस फुटी २४ नग लागले होते व तेवढ्यांत काम जेमतेम भागलें होतें. म्हणजे सुमारें ४८० फूट. प्रतीवर तो कर्ण आम्हीं मोजिला : १२ इंचांस किंचित् अधिक. आमच्याच त्रैराशिकानें त्याच्या १६ साखळ्या, म्हणजे ५३० फूट होत होते. नकाशा साडेसव्वीस पाइप मागत होता. आम्ही साखळी घेऊन शेतांत गेलों आणि रस्त्यापासून ओढ्यापर्यंतची रुंदी मोजिली. ती ८ साखळ्या भरली. तुकडा ९६ गुंठ्यांचा, २ एकर १६ गुंठ्यांचाच होता. कागद भरलेला दिसावा म्हणून दुकानांत चित्र उभ्या दिशेनें ओढून मोठें केलेलें होतें. आडव्या दिशेनें तें तितकें वाढलेलें नव्हतें. सही झाली असती तर आमच्या चुलतबंधूंचे ३२ गुंठे आमच्याकडे आले असते, आणि आम्ही आयुष्यभर समजलों असतों कीं वांटणी सरळ झाली. दुकानदाराच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. त्रैराशिक आमचें होतें, आणि तें मांडण्यापूर्वीं प्रत समरूप आहे कीं नाहीं हें पाहणें आमचें काम होतें.

आतां पाठाकडे वळूं. दोन आकृतींचे कोन अनुक्रमें एकमेकांबरोबर असावेत, आणि एकीची प्रत्येक बाजू दुसरीच्या जोडीच्या बाजूशीं एकाच प्रमाणांत असावी. या दोन्ही गोष्टी जुळल्या म्हणजे त्या आकृति समरूप. जोडीची बाजू म्हणजे तीच बाजू : ओढ्याकडील बाजूस ओढ्याकडील, रस्त्याकडील बाजूस रस्त्याकडील. पहिलीची एक बाजू दुसरीच्या दुप्पट असेल तर बाकीच्या साऱ्या दुप्पटच असल्या पाहिजेत. एक दुप्पट आणि दुसरी पावणेदोनपट, हें चालणार नाहीं. आमच्या प्रतीचा दोष नेमका हाच होता. खरा तुकडा १२ आणि ८, म्हणजे ३ ला २. प्रतीवरचा ९ आणि ८. कोन चारही ठिकाणीं काटकोनच होते, म्हणून डोळ्यांस कांहीं खटकलें नाहीं.

तेव्हां नुसते कोन जुळून भागत नाहीं. आतां उलट पाहा. नव्या खाटेचा सांगाडा चारी कोपऱ्यांत काटकोनांत असतो. जुना झाला, खुंट्या सैल पडल्या, कीं एका बाजूस कलतो. चारही माचव्यांची लांबी होती तेवढीच. पण चौकोन तिरपा झाला आणि आंतली जागा कमी झाली. बाजूंचें प्रमाण तंतोतंत जुळतें, आणि तरीही कललेली खाट ही सरळ खाटेची प्रत नव्हे. चौकोनी शेताच्या चारही बाजू नकाशाशीं ताडून "जुळलें" म्हणणारा मनुष्य हीच चूक करितो. आम्हीं पुष्कळ बांधांचे तंटे पाहिले आहेत ज्यांत दोन्ही पक्षांनीं चारही बाजू मोजिलेल्या होत्या आणि कर्ण कोणींच मोजिलेला नव्हता.

त्रिकोणांत मात्र ही ढिलाई नाहीं. तीन बाजू ठरल्या कीं त्रिकोण ठरला. तो कलूं शकत नाहीं. गोठ्याच्या छपराला सुतार कैची घालतो ती याचसाठीं. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू एकाच प्रमाणांत असल्या तर कोन आपोआप जुळतात, आणि कोन जुळले तर बाजू आपोआप प्रमाणांत येतात. दोहोंपैकीं एक तपासलें कीं पुरे. यावरून शेतकऱ्यास उपयोगी असा एक मार्ग निघतो. कोन मोजण्याचें साधन आपणांपाशीं नसतें, आणि त्याची गरजही नाहीं. चौकोनी शेताच्या चार बाजू व एक कर्ण अशीं पांच मापें घ्यावीं. कर्णानें शेताचे दोन त्रिकोण होतात व दोन्ही बांधले जातात. पांच कोपऱ्यांचें शेत असल्यास पांच बाजू व दोन कर्ण. प्रत्येक शेतांतील माप प्रतीवरील मापानें भागावें. भागाकार सर्वत्र सारखा आला तर प्रत खरी. एकही वेगळा आला तर ती प्रत हिशेबाला निरुपयोगी. शेतांतलें माप हातभर चुकावयाचेंच, आणि कागदावर पट्टीची एक बारीक रेघही कित्येक फुटांची असते. तेवढा फरक सोडून द्यावा. आमच्या प्रकरणांत भागाकार रस्त्याकडे १⅓, रुंदीला १, आणि कर्णाला १⅕ असे तीन निरनिराळे येत होते. हा मापाचा फरक नव्हे.

येथें एक समजूत काढून टाकिली पाहिजे. पुष्कळांस वाटतें कीं आकृतीच्या सर्व बाजूंनीं सारखीच पट्टी वाढविली किंवा कमी केली म्हणजे तिचा आकार तोच राहतो. १० साखळ्या लांब व ५ साखळ्या रुंद असें शेत घ्या. लांबी रुंदीच्या दुप्पट, क्षेत्र ५० गुंठे. त्याच्या चारी बाजूंनीं आंतल्या अंगास एक एक साखळीची पट्टी सोडली, तर आंत उरलेला चौकोन ८ साखळ्या लांब व ३ साखळ्या रुंद होतो. लांबी आतां रुंदीच्या दुपटीहून बरीच अधिक. शेत अरुंद दिसूं लागलें, आणि क्षेत्र अर्ध्याहूनही कमी म्हणजे २४ गुंठ्यांवर आलें. समरूपता बेरीज-वजाबाकीनें टिकत नाहीं. ती गुणाकार-भागाकारानें टिकते. कडेची झाडें, चर, वाट यांसाठीं सारखी पट्टी सोडून मग "राहिलें तें त्याच प्रमाणांत वांटूं" म्हणणाऱ्यांनीं हा हिशेब एकदां आपल्या शेताला लावून पाहावा.

क्षेत्रफळाविषयीं याहून मोठी फसगत होते. बाजू दुप्पट झाल्या तर क्षेत्र दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. बाजू तिप्पट तर क्षेत्र नऊपट. बाजूंचें जें प्रमाण असेल त्यास त्याच्यानेंच गुणावें, म्हणजे क्षेत्राचें प्रमाण निघतें. जुन्या मुंबई इलाख्यांतील पुष्कळ गांवांचे नकाशे १ इंचास २० साखळ्या, म्हणजे मैलास ८ इंच, या प्रमाणावर आहेत. तेथें एक चौरस इंच म्हणजे २० चौरस साखळ्या नव्हे, तर २० गुणिले २०, ४०० चौरस साखळ्या. म्हणजे ४०० गुंठे, पूर्ण १० एकर. ४ एकरांचें शेत अशा नकाशावर चौरस इंचाच्या अर्ध्याहूनही लहान असतें. एवढ्याशा ठिपक्यावरून बांधाचा निर्णय करूं पाहणें धाडसाचें आहे, हें सांगावयास नकोच.

आणि या ठिपक्याची आपण झेरॉक्स काढतों. झेरॉक्सच्या यंत्रावर १४१ टक्के असा एक आंकडा असतो. लहान कागदावरील मजकूर त्याच्या दुप्पट क्षेत्राच्या कागदावर नेण्यासाठीं तो असतो. बाजू सुमारें १·४१ पट होतात आणि १·४१ ला १·४१ नें गुणिलें म्हणजे २ येतात. उलट मोठा कागद लहान करण्यास ७१ टक्के. तेव्हां क्षेत्र निम्में. अशी प्रत दोन्ही दिशांनीं सारखीच वाढते वा आटते, म्हणून ती समरूप असते. आकारांत दोष नसतो. परंतु कोपऱ्यांत छापलेलीं "१ इंच = २० साखळ्या" हीं अक्षरें प्रतीवरही तशींच उमटतात, आणि तीं आतां खोटीं झालेलीं असतात. ७१ टक्क्यांच्या प्रतीवर एक इंच म्हणजे २८ साखळ्या. जो कोणी अक्षरांवर विश्वासून मापील, त्याला ४ एकरांचें शेत २ एकरांचें दिसेल. नकाशावर आंखलेली प्रमाणपट्टी असेल तर ती अशा प्रतींत नकाशाबरोबरच वाढते व आटते, म्हणून तिच्यावर माप घ्यावें. लिहिलेल्या प्रमाणावर घेऊं नये. पट्टी नसल्यास ज्याचें अंतर ठाऊक आहे अशा दोन खुणांवरून, म्हणजे दोन हद्दीच्या दगडांवरून किंवा विहिरीपासून बांधापर्यंतच्या मोजलेल्या अंतरावरून, नवें प्रमाण काढावें.

जी प्रत दोन दिशांनीं निरनिराळी वाढली असेल ती मात्र कोणत्याही पट्टीनें सुधारत नाहीं. मोबाइलवर आलेलें चित्र कागदभर छापलें म्हणजे पुष्कळदां असें होतें. उभ्यानें, हात तिरका धरून काढलेल्या छायाचित्राची गत याहून वाईट : जवळची कड मोठी, लांबची कड लहान, आणि जे बांध एकमेकांस समांतर ते पुढें मिळत गेलेले. त्यांत ना कोन जुळतात ना प्रमाण. जुना कागदही निर्दोष नसतो. तो दमट हवेंत फुगतो, कोरड्या हवेंत आकसतो, आणि त्याच्या आडव्या व उभ्या दिशा सारख्या आकसत नाहींत. म्हणून प्रत तपासतांना एकाच दिशेचें माप पुरेसें समजूं नये. आडवें एक, उभें एक आणि तिरपें एक अशीं तीन मापें तरी शेतांत घ्यावीं. आम्हीं फक्त रस्त्याची बाजू मोजून मोकळे झालों होतों.

एक गोष्ट मात्र अशा ओढलेल्या चित्रांतही टिकते. आडवी किंवा उभी सरळ ओढ दिलेल्या प्रतींत अर्धें तें अर्धेंच राहतें, कारण सारें क्षेत्र एकाच पटीनें वाढलेलें असतें. म्हणून एकाच शेताचे दोन समान भाग प्रतीवर आंखले असतील तर ते शेतांतही समानच येतात. पण त्यांची लांबी-रुंदी किंवा गुंठे त्या प्रतीवरून काढूं नयेत. तिरक्या छायाचित्रास ही सवलत नाहीं.

टिपणाविषयीं वेगळें सांगणें अवश्य आहे, कारण त्याविषयीं गैरसमज फार. इंदापूर तालुक्यांत १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पद्धतीची जमाबंदी सुरू झाली, आणि पुढें ती पद्धत मुंबई इलाख्यांत पसरली. त्या मोजणीच्या परंपरेंतील टिपण म्हणजे मोजणी करतांना काढलेली हातची आकृति. शेतांतून एक मुख्य रेघ धरून तिच्यापासून कोपऱ्यांपर्यंत घेतलेले लंब आणि बाजूंचीं मापें साखळी-आण्यांत तिच्यावर लिहिलेलीं असतात. ही आकृति प्रमाणांत काढलेली नसते. १४ साखळ्यांची बाजू तींत ९ साखळ्यांच्या बाजूएवढीच दिसूं शकते. टिपण पट्टीनें मोजणाऱ्यास कांहींच मिळावयाचें नाहीं. तेथें आंकडे वाचावयाचे, रेघा नव्हे. नकाशा समरूप असतो पण त्यावर आंकडे नसतात. टिपणावर आंकडे असतात पण तें समरूप नसतें. दोन्ही कागद शेजारीं ठेवावे लागतात ते यासाठीं.

टिपणावरून समरूप आकृति आपणांस घरीं काढतां येते, आणि ती काढून पाहण्याचा आम्ही आग्रह धरतों. मुलांच्या गणिताची चौकटीची वही घ्यावी. एक चौकट म्हणजे एक साखळी धरावी. टिपणांतील मुख्य रेघ तितक्या चौकटी लांब काढावी, ज्या ठिकाणाहून लंब निघतो तेथें खूण करावी, आणि काटकोनांत तितक्या चौकटी मोजून कोपरा मांडावा. आण्यांसाठीं चौकटीचा अंदाजानें भाग करावा. सर्व कोपरे मांडून जोडले कीं आपलें शेत खऱ्या आकारांत समोर येतें. मग आंत किती चौकटी पडल्या तें मोजावें. प्रत्येक पूर्ण चौकट एक गुंठा. कडेच्या अर्धवट चौकटी दोन दोन मिळवून घ्याव्या. शेवटीं टिपणांतील बाजूंचीं मापें आपल्या आकृतीच्या बाजूंशीं ताडून पाहावीं. एखादी बाजू जमत नसेल तर लंब चुकीच्या अंगास मांडला गेला असण्याचा संभव अधिक.

अंगावरून आठवलें. आकृति फिरवून ठेविली तरी समरूपता जात नाहीं. उत्तर वर असलेला नकाशा व दक्षिण वर असलेली त्याची नक्कल एकच होत. कोपरे जोडीनें जुळवून घेतले म्हणजे झालें. पातळ कागदावर गिरवलेली नक्कल पाठीकडून पाहिली तरीही सर्व बाजू, सर्व कर्ण, सर्व कोन जुळतात, आणि भूमिति तिला समरूपच म्हणते. परंतु शेतकऱ्याची विहीर डावीकडून उजवीकडे गेलेली असते. ही चूक कोणत्याही भागाकारानें सांपडत नाहीं; ती सांपडते ओढा, रस्ता आणि विहीर हीं तीन ठिकाणें उजव्या हाताच्या वळणानें कोणत्या क्रमानें येतात तें शेतांत उभें राहून पाहिल्यानें. नकलेवर अक्षरें उलटीं दिसतात म्हणून सहसा ध्यानांत येतें. अक्षरें नसलेल्या नकलेवर येत नाहीं.

मोजणी आज यंत्रांनीं होते, आणि हद्द कायम करावयाची ती रीतसर मोजणीनेंच करावी. घरच्या आकृतीवरून दगड हलवूं नये. आमच्या तुकड्याचीही पुढें रीतसर मोजणी करून घेतली आणि मगच कागद केला.

वाचकांनीं पुढील प्रश्न सोडवून पाहावा. एका शेताच्या बाजू क्रमानें ६, ५, ६ व ५ साखळ्या आहेत, आणि एक कर्ण ९ साखळ्या. प्रतीवर त्याच बाजू ३, २½, ३ व २½ इंच आहेत, आणि तोच कर्ण ४ इंच. प्रत खरी आहे काय? नसेल तर प्रतीवर एक इंचास दोन साखळ्या धरून काढलेलें क्षेत्र खऱ्या क्षेत्राहून अधिक येईल कीं कमी, आणि साधारण किती गुंठ्यांनीं? चौकटीच्या वहींत दोन्ही आकृति काढल्यास उत्तर डोळ्यांनींच दिसेल. तें पुढील अंकीं देऊं.